कर्करोगाची गोळी : आधी कुलूप तपासा, मग किल्ली मागा

गोष्ट गेल्या वर्षीची. आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी आमच्या दवाखान्यात दूरदूरच्या गावांतून रुग्ण येतात. त्या दिवशी एकामागोमाग दोन रुग्ण आले. (त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

पहिला पस्तिशीतला, सिमेंट कारखान्यातील कंत्राटी कामगार. दोन-तीन महिन्यांपासून डाव्या बरगडीखाली जड वाटायचे, चार घास खाल्ले की पोट भरायचे, वजन उतरलेले. "पोटात गोळा आला" म्हणून घरच्यांनी दोनदा पोट चोळून घेतले होते. हात लावला तर पांथरी, म्हणजेच प्लीहा, थेट बेंबीपर्यंत वाढलेली. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर निघाल्या. निरोगी माणसात त्या चार ते अकरा हजार असतात.

दुसरी पंचेचाळिशीची शेतमजूर बाई. वीस वर्षांपासून खर्रा. गालाच्या आत चार महिन्यांपासून न भरणारी जखम, आणि तोंड जेमतेम दोन बोटे उघडणारे.

दोघांनाही कर्करोगच होता. पुढे मोठ्या रुग्णालयात सर्व तपासण्या झाल्या. कामगाराला तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, रोज एक गोळी घ्यायची, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे, बाकी कामधंदा करायचा. बाईला सांगितले, जबड्याची व मानेची शस्त्रक्रिया करावी लागेल, नंतर किरणोपचार. बाईंचा मुलगा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. त्यात 'कर्करोगावर गोळी निघाली' असा मजकूर होता. त्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, त्या भाऊले गोळी, अन् माझ्या मायले कापाकापी कायले?"

प्रश्न रास्त होता. असा मजकूर दर महिन्याला कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलवर येतो. त्यातून खोटी आशा वाढते, आणि त्याहून वाईट म्हणजे खऱ्या उपचाराला उशीर होतो. आजचा लेख त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे.

स्टार्टर अडकतो तेव्हा

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. कोणत्या पेशीने कधी वाढावे आणि कधी थांबावे हे ठरवण्यासाठी पेशीच्या आत शेकडो प्रथिने राबत असतात. काही प्रथिने 'वाढ' म्हणतात, काही 'थांब' म्हणतात. त्यांचा आराखडा जनुकांमध्ये लिहिलेला असतो. जनुकात एखादे अक्षर जरी चुकले तरी प्रथिनाचा आकार बदलू शकतो.

शेतकरी वाचकांना हे लगेच कळेल. कृषिपंपाचे बटन दाबले की मोटर सुरू होते, बंद केले की थांबते. समजा स्टार्टरचे बटन आतच अडकले. आता तुम्ही घरी गेलात तरी मोटर रात्रभर चालत राहणार आणि वावर पाण्याने भरून जाणार. काही कर्करोगांमध्ये नेमके हेच घडते. 'वाढ' म्हणणारे एक प्रथिन 'चालू' स्थितीत अडकते आणि पेशी वाढतच सुटतात.

पूर्वीपासूनची केमोथेरपी म्हणजे साऱ्या फिडरची वीज तोडण्यासारखी. मोटर थांबते खरी, पण गावही अंधारात जाते. म्हणून केस गळतात, तोंड येते, उलट्या होतात, रक्त कमी होते. शास्त्रज्ञांनी विचार केला की अडकलेले बटन कोणते ते नेमके शोधून तेवढेच बंद करता आले तर? या विचारातून जी औषधे जन्मली त्यांना 'लक्ष्यवेधी औषधे' म्हणतात. अडकलेल्या प्रथिनाच्या खाचेत अचूक बसेल असा रेणू रसायनशाळेत घडवायचा, कुलपाला किल्ली घडवावी तसा.

एका गोळीची जन्मकथा

आमच्या कामगार रुग्णाचा आजार म्हणजे 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया', थोडक्यात सी.एम.एल., रक्ताचा एक कर्करोग. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा साठीनंतर दिसतो. आपल्याकडे तो तिशी-चाळिशीत, ऐन कमावत्या वयात गाठतो.

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात नोवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ साली जॅनेट राउली या विदुषींनी त्याचे कोडे उलगडले. ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्राचे तुकडे तुटून एकमेकांना चिकटलेले असतात. या चुकीच्या जोडणीतून 'बीसीआर-एबीएल' नावाचे एक नवेच प्रथिन तयार होते. निरोगी माणसाच्या पेशीत ते नसते. हेच ते अडकलेले बटन.

अशा प्रथिनाला काम करण्यासाठी एटीपी नावाचे इंधन लागते आणि ते इंधन त्याच्या एका खाचेत येऊन बसते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, ॲलेक्स मॅटर आणि रसायनशास्त्रज्ञ युर्ग झिमरमान यांच्या गटाने त्या खाचेत बसणाऱ्या रेणूचा शोध घेतला. आधी एक कच्चा रेणू सापडला, पण तो इतर अनेक प्रथिनांनाही चिकटत होता. मग त्याला एका ठिकाणी छोटासा रासायनिक गट जोडला, तेव्हा नको ते चिकटणे थांबले. दुसऱ्या ठिकाणी आणखी एक गट जोडला, तेव्हा तो पाण्यात विरघळू लागला आणि पोटातून घेता येण्याजोगा झाला. कानस घेऊन किल्लीचा एकेक दात घासावा तसे हे काम.

अमेरिकेतील डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी हा रेणू सी.एम.एल.च्या पेशींवर वापरून पाहिला आणि १९९८ साली रुग्णांना देण्यास सुरुवात केली. पुरेशी मात्रा मिळालेल्या पहिल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. १० मे २००१ रोजी अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. त्याचे नाव इमॅटिनिब. पुढे मोठ्या अभ्यासात दिसले की इमॅटिनिबने उपचार सुरू केलेले सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते. एकेकाळी हा आजार म्हणजे चार-पाच वर्षांची मुदत मानली जाई. आज तो मधुमेहासारखा सांभाळून जगता येतो.

पण एक पथ्य कडक आहे. लंडनच्या एका रुग्णालयाने २०१० साली ८७ रुग्णांच्या औषधाच्या बाटलीला सूक्ष्म यंत्र बसवून गोळ्या खरोखर घेतल्या जातात का ते मोजले. ज्यांनी दहातल्या नऊहून अधिक गोळ्या घेतल्या त्यांच्यापैकी बहुतेकांचा आजार अगदी खोलवर दबला. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या त्यांच्यात हे यश तीनातल्या एकालाही धड मिळाले नाही. "आता बरं वाटते" म्हणून पेरणीच्या धांदलीत पंधरा दिवस गोळी सोडणे किती महाग पडते ते यावरून समजावे. काही निवडक रुग्णांची गोळी पुढे थांबवता येते. पण तो निर्णय तज्ज्ञांनी तपासण्या पाहून घ्यायचा असतो, रुग्णाने नव्हे.

किंमत आणि कोर्ट

औषध निघाले, पण ते परवडणार कोणाला? भारतात नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकची महिन्याची किंमत सुमारे एक लाख वीस हजार रुपये होती. भारतीय कंपन्यांची तीच गोळी महिन्याला आठ-दहा हजारांत मिळू शकत होती. फरक पेटंटचा होता.

या लढाईत आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' ही मुंबईची संस्था १९६९ पासून गरीब कर्करुग्णांसाठी काम करते. तिने ग्लिव्हेकच्या पेटंटला हरकत घेतली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी वर गेली. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती आफताब आलम आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई हे त्या खंडपीठात होते. जुन्याच औषधाचे स्फटिकरूप बदलले म्हणून रोगनिवारणाची ताकद वाढल्याचे सिद्ध होत नाही, त्यामुळे नवे पेटंट नाही, असे न्यायालयाने ठरवले. कायद्यातील कलम ३ (ड) चा हा अर्थ आज जगभर अभ्यासला जातो.

त्याआधी ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत बसून पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी सोराफेनिब या मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील औषधासाठी सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळणारे औषध नऊ हजार रुपयांहून कमी किमतीत देण्याची अट त्यात होती. देशातला असा हा पहिलाच परवाना.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संशोधनाला पैसा लागतो, अनेक रेणू वाटेतच बाद होतात आणि त्यांचा खर्च कोणीतरी सोसतो. नोव्हार्टिसनेही आपल्या देशातील हजारो रुग्णांना मॅक्स फाउंडेशनमार्फत ग्लिव्हेक मोफत दिले, हेही खरे. तरीही आमचे मत स्पष्ट आहे. रुग्णाचा जीव दानावर अवलंबून राहू नये. दान थांबू शकते, हक्क थांबत नाही. आज इमॅटिनिब राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि खेड्यातल्या कामगाराला ती गोळी मिळू शकते, ती या लढाईमुळे.

फुप्फुसाचा धडा

आता फुप्फुसाच्या कर्करोगाकडे वळू. आपला भाग कोळसा आणि सिमेंटचा. खोकला लांबला की टीबीची शंका येते आणि ती घ्यायलाच हवी. पण टीबीचे औषध चालू असूनही रुग्ण खंगत चालला तर फुप्फुसाच्या कर्करोगाची शंका घेण्यास उशीर करू नये.

फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात ईजीएफआर नावाचे प्रथिन अडकलेले सापडते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी २०१३ साली ९०७ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २३ टक्के रुग्णांत हा बिघाड आढळला. म्हणजे चारांतल्या जवळजवळ एकाला. यावर जेफिटिनिब नावाची गोळी आहे.

उरलेल्या तिघांना ती गोळी दिली तर? याचे उत्तर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आशियातील एका मोठ्या अभ्यासाने दिले. बिघाड असलेल्या रुग्णांत गोळीने शंभरातल्या ७१ जणांची गाठ आटली आणि साध्या केमोथेरपीने ४७ जणांची. बिघाड नसलेल्या रुग्णांत मात्र केमोथेरपीने २३ जणांना फायदा झाला आणि गोळीने शंभरात जेमतेम एकाला. तीच गोळी, तोच आजार, पण कुलूप वेगळे तर किल्ली फुकट! नुसती फुकट नव्हे, तर खऱ्या उपचाराचे मोलाचे महिने तिने खाऊन टाकले.

हे वाचल्यावर लक्षात येईल की "गोळी चालू करून पाहू" हे वाक्य किती घातक आहे. माझ्याकडे आलेल्या एका वृद्ध गृहस्थांना एका ठिकाणी कोणतीही जनुकीय तपासणी न करता अशी गोळी तीन महिने दिली गेली होती. घरच्यांनी बैलजोडी विकली होती. नंतर तपासणी झाली तेव्हा तो बिघाड त्यांच्यात नव्हताच. तोवर केमोथेरपी झेपण्याची ताकद उरली नव्हती.

बोंडअळी आणि कर्करोग

इथे कोणी विचारेल, कुलूप जुळले तर आजार कायमचा जातो का? सी.एम.एल. पुष्कळदा आयुष्यभर ताब्यात राहतो. घट्ट गाठींच्या कर्करोगात मात्र बहुधा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी औषध निकामी ठरू लागते.

कापूस पिकवणाऱ्या आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीचा प्रश्न संपला असे वाटले होते. पुढे दोन जनुकांचे वाण आले. २०१७ साली विदर्भात शेंदरी बोंडअळीने तेही पोखरून काढले. लाखो अळ्यांत विष पचवणाऱ्या मूठभर असतात. बाकीच्या मेल्या की रान त्यांना मोकळे होते आणि त्यांचीच पिलावळ वाढते. कर्कपेशींचेही असेच. गाठीतील काही पेशींच्या खाचेचा आकार जरा वेगळा असतो, किल्ली त्यांना बसत नाही. जेफिटिनिबनंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांत असा एक ठराविक बदल दिसतो. त्या बदलासाठी पुन्हा नवी किल्ली घडवावी लागली, ओसिमर्टिनिब. इमॅटिनिबनंतर डासाटिनिब आणि निलोटिनिब आले, तेही याच कारणाने.

बोंडअळीला एकाच उपायाने आवरता येत नाही, तसे इथेही. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईजीएफआरचा बिघाड असलेल्या ३५० रुग्णांवर एक अभ्यास केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नुसती जेफिटिनिब दिली, अर्ध्यांना तिच्या जोडीला केमोथेरपी. नुसत्या गोळीने आजार सरासरी आठ महिने दबून राहिला, जोडीने सोळा महिने. जोडीचा त्रास अधिक झाला हेही अभ्यासात लिहिले आहे. पण जुन्या, स्वस्त औषधांची योग्य सांगड घालून आपल्याच राज्यातील डॉक्टरांनी मुदत दुप्पट केली. नवे औषध म्हणजे महाग परदेशी औषधच, असे नव्हे.

जे कुलूप तीस वर्षे उघडले नाही

सगळ्याच प्रथिनांना सोयीची खाच नसते. 'रास' नावाच्या प्रथिनातील बिघाड १९८२ साली उमगला. जनुकातील एक अक्षर बदलते आणि प्रथिनाच्या बाराव्या जागी एक मणी चुकीचा ओवला जातो, एवढाच तो बिघाड. कारण कळले, पण औषध मिळेना. हे प्रथिन गुळगुळीत चेंडूसारखे, रेणूने धरायचे कुठे? तीस वर्षे त्याला 'औषध न लागू होणारे' म्हणत.

२०१३ साली कॅलिफोर्नियातील केव्हन शोकाट यांच्या गटाने त्याच्या एका विशिष्ट बिघडलेल्या प्रकारात लपलेली एक छोटी कपार शोधली. चुकीच्या मण्यालाच रेणू अडकवण्याची युक्ती त्यांनी केली. त्यावरून घडलेल्या सोटोरासिब या औषधाला मे २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मूळ अभ्यासात १२६ रुग्णांपैकी सुमारे ३७ टक्क्यांची गाठ आटली आणि आजार सरासरी सात महिन्यांच्या आसपास आवरला गेला. चाळीस वर्षांच्या श्रमाचे फळ सात महिने! कोणाला ते थोडे वाटेल. पण इमॅटिनिबचाही आरंभ कधीतरी झालाच होता. आशा ठेवावी, मात्र बातमीतला 'चमत्कार' हा शब्द गाळून वाचावे.

खर्ऱ्याच्या कर्करोगाला गोळी का नाही?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याच्या आईचा, म्हणजे गालफडाचा कर्करोग आपल्या देशातील संशोधकांनी खोलात जाऊन अभ्यासला आहे. बंगालमधील कल्याणी येथील संस्था आणि नवी मुंबईतील खारघरचे टाटा केंद्र यांनी मिळून या कर्करोगाच्या जनुकांचे वाचन केले. ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात काय दिसले? सर्वाधिक बिघाड टीपी-५३ या जनुकात. हे 'वाढ' म्हणणारे जनुक नव्हे, 'थांब' म्हणणारे आहे.

फरक इथेच आहे. अडकलेले बटन बंद करता येते. पण तुटून पडलेला ब्रेक? जी वस्तू जागेवरच नाही तिच्यात किल्ली कुठे घालणार? घाटात एसटीचा ब्रेक निकामी झाला तर इंजिनची किल्ली काढून गाडी थांबत नाही. शिवाय तंबाखू आणि सुपारी एकच जनुक बिघडवून थांबत नाहीत. वीस वर्षे रोज पाच-सहा पुड्या गालात धरल्या तर जनुकांवर शेकडो ओरखडे उठतात. सी.एम.एल. म्हणजे एक चूक. खर्ऱ्याचा कर्करोग म्हणजे चुकांचे भारूड.

मुखकर्करोगात काही लक्ष्यवेधी इंजेक्शने वापरली जातात, पण ती किरणोपचार किंवा केमोथेरपीच्या जोडीला. शस्त्रक्रियेची जागा घेणारी गोळी आज नाही. म्हणून निराश व्हायचे कारण नाही, कारण शस्त्रक्रिया ही काही मागासलेली गोष्ट नव्हे. टाटा रुग्णालयाचेच डॉ. अनिल डिक्रूज यांनी २०१५ साली दाखवून दिले की लवकरच्या टप्प्यातील मुखकर्करोगात गालाबरोबर मानेच्या गाठींचीही शस्त्रक्रिया सुरुवातीलाच केली तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात. थांबून नंतर केली तर सुमारे ६७ टक्के. गोळीची वाट पाहत चार महिने घालवणारा रुग्ण हाच फायदा गमावून बसतो.

आणि मुळात हा कर्करोग टाळता येतो. सी.एम.एल. कोणाला का होतो हे बहुतेकदा सांगता येत नाही. खर्ऱ्याच्या कर्करोगाचे कारण मात्र चौकाचौकातल्या पानठेल्यावर घोटले जाते, पन्नीत बांधून दिले जाते. टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर यांनी तंबाखू आणि मुखकर्करोगाचा संबंध अभ्यासला त्याला पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली. शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च'चे डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' अभियान गावोगावी पोहोचले. इकडे आमच्या तालुक्यात लग्नाच्या मांडवात पाहुण्यांपुढे खर्ऱ्याचे ताट फिरते, ही लाजेची गोष्ट आहे.

आमचे म्हणणे

काही मंडळी म्हणतील, "जिथे साधी बायोप्सी वेळेवर होत नाही तिथे जनुकीय तपासणीच्या गप्पा कशाला?" आमचे म्हणणे उलट आहे. महागडे औषध योग्य माणसालाच मिळावे यासाठीच तपासणी हवी. शंभर जणांना आंधळेपणाने गोळी देण्यापेक्षा शंभर जणांची तपासणी करून तेवीस जणांना गोळी देणे शासनालाही स्वस्त पडते आणि उरलेल्यांचे महिने वाचतात.

त्यासाठी रुग्णाने मुंबई गाठायची गरज नाही. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या लहानशा ठोकळ्यात जपून ठेवतात. तो ठोकळा कित्येक वर्षे टिकतो आणि टपालानेही जाऊ शकतो. प्रवास ठोकळ्याने करावा, रुग्णाने नव्हे. कोरपन्याहून राजुरा, बल्लारशा, तिथून रेल्वेने सेवाग्राम किंवा नागपूर, या वाटेवर रुग्णाची मजुरी बुडते, सोबत्याचीही बुडते आणि तिसऱ्या खेपेला तो यायचेच सोडतो. आमच्या एका रुग्णाला तर एका प्रयोगशाळेने ठोकळा द्यायला नकार दिला, म्हणून फुप्फुसात पुन्हा सुई घालावी लागली. महिना गेला तो गेलाच.

चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्य शासन, जिल्हा खनिज निधी आणि टाटा ट्रस्ट यांच्या भागीदारीतून कर्करोग रुग्णालय उभे राहिले आहे. देशातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारे 'नॅशनल कॅन्सर ग्रिड' २०१२ पासून आहे. मग आमच्या मागण्या तीनच. एक, तालुक्यातून नमुना जिल्ह्याला आणि तिथून मोठ्या प्रयोगशाळेत नेण्याची नियमित, मोफत व्यवस्था व्हावी. दोन, जनआरोग्य योजनेत तपासणी आणि गोळी एकाच धाग्यात बांधली जावी, एक मिळाली आणि दुसरी अडली असे होऊ नये. तीन, खनिज निधी जिथल्या कोळशातून आणि चुनखडीतून जमा होतो तिथल्या शाळांत वर्षातून एकदा तरी मुलांची तोंडे तपासली जावीत.

वाचकांनी लक्षात ठेवावे

१. तोंडातील जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवा. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते आजच पाहा. जात नसतील तर खर्रा आजच सोडा आणि डॉक्टरांना भेटा.

२. डाव्या बरगडीखाली जडपणा असेल तर पोट चोळून घेऊ नका. वाढलेली पांथरी चोळल्याने फुटू शकते. साधी रक्ततपासणी करा.

३. बायोप्सीचा अहवाल आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या आणि कोरड्या, थंड जागी जपून ठेवा. सातबारा जपता तसा.

४. 'लक्ष्यवेधी' गोळी कोणी सुचवली तर एकच प्रश्न विचारा, "कोणत्या तपासणीवरून?"

५. गोळी लागू पडली तर एक दिवसही चुकवू नका.

त्या कामगाराची पांथरी आता हाताला लागत नाही. तो रोज पाळीला जातो आणि रात्री जेवणानंतर गोळी घेतो. बाईंची शस्त्रक्रिया नागपूरला झाली. बोलणे थोडे बोबडे झाले आहे, पण मागच्या हंगामात त्या कापूस वेचायला गेल्या. मुलाने पुढे मला कधी गोळीविषयी विचारले नाही. परवा तो दवाखान्यात आला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातली नेहमीची पन्नी दिसली नाही. मी विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, "सोडला, डॉक्टरसाहेब." त्याच्यासाठी याहून मोठे औषध माझ्या कपाटात नव्हते.